सहा किमो आणि एक थाई सिरीज

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्याऐवजी माझ्या मिस्टरांपुढे सरकवला, तेव्हाच मला कळलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नॉन-हॉजकिन लिम्फोमा आहे. कॅन्सरच आहे, पण यावर औषधं आहेत."

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. या ग्रंथी मानेत, काखेत, जांघेत असतात. एरवी आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. माझ्या मानेतली गाठ दिवाळीपासून होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही. रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा, झोपेत घामाने गाऊन भिजायचा. मी मुलुंडच्या एका शाळेत क्लार्क आहे. स्टाफरूममधल्या बायका "बारीक झालीस गं" म्हणून कौतुक करायच्या आणि मला बरं वाटायचं. तुमच्या अंगावर अशी गाठ असेल तर दुखायची वाट बघू नका. मी चार महिने घालवले.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, झालीच होती. मग पेट स्कॅन झाला. त्यात कॅन्सर कुठे कुठे आहे ते दिसतं. माझ्या पोटातही होता. दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा किमो ठरले.

पहिल्यानंतर केस गेले. दुसऱ्यानंतर न्यूट्रोपेनिया झाला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपत आल्या. ताप चढला आणि मला घाटकोपरच्या हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं. तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. डोळ्यांपुढे अक्षरं तरंगायची. मरणाची भीती वाटते असं लोक सांगतात. मी तर इतकी कंटाळले होते की मला तेव्हा मरण चाललं असतं.

माझी मुलगी प्राची मास्क लावून शेजारी बसायची. एका दुपारी तिने फोन उशीला टेकवून ठेवला. "मम्मी, थायलंडची सिरीज आहे. दोन मुलांची लव्ह स्टोरी. चालेल ना?"

मी म्हटलं, लाव काहीही.

सबटायटल मला वाचता येईनात, म्हणून प्राचीच मराठीत सांगायची. दोघं इंजिनीयरिंगची पोरं, गोरीगोमटी, इस्त्रीचे पांढरे शर्ट. एक भांडकुदळ, दुसरा घुमा. पहिले दोन भाग मला हसूच येत होतं. कोणी अभ्यास करत नाही, सारखे गुलाबी दूध पितात, जिन्यात एकमेकांवर आपटतात आणि मग पाच मिनिटं नुसते बघत राहतात. मिस्टर डबा घेऊन आले, त्यांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

चौथ्या भागात घुम्या मुलाची आजी वारते. विहारात भंते, म्हणजे भिक्खू, ओळीने बसले आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली. सूर वेगळा होता, उच्चार वेगळे होते, पण शब्द आमचेच. त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि. आम्ही बौद्ध, लहानपणापासून घरात वंदना म्हणत आलो. मी तापात होते तरी उठून बसले. तोवर ती पोरं मला परकी होती. त्या क्षणापासून ती आमच्यातली झाली, आणि तिथूनच मला त्रास सुरू झाला.

आठव्या भागात घुम्याचा अपघात होतो. भांडकुदळ मुलगा आयसीयूबाहेर भिंतीला टेकून उभा असतो. घुम्याची आई बाहेर येते, त्याचा हात धरते आणि त्याला आत घेऊन जाते.

मी प्राचीला म्हटलं, बंद कर. तिला वाटलं मला उलटी होतेय. तिने भांडं पुढे केलं. मला रडू आवरेना, आणि मग मी तिला ते सांगितलं जे तिच्या बापालाही सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ अनिल आठ वर्षांपूर्वी लिव्हर निकामी होऊन गेला. तो मालाडला अकरा वर्षं विल्फ्रेडबरोबर राहत होता. विल्फ्रेड तिथल्याच जुन्या गावठाणातला, ख्रिश्चन, आपल्यासारखंच मराठी बोलणारा. घरात आम्ही त्याला 'अनिलचा रूम पार्टनर' म्हणायचो. सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं. अनिलला आयसीयूत ठेवलं तेव्हा सिस्टरने विल्फ्रेडकडे बोट करून मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "कोणी नाही. ओळखीचे आहेत." आत फक्त घरच्यांना सोडत. तो चार दिवस बाकावर बसून होता. पाचव्या दिवशी अनिल गेला.

प्राचीने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मामाला कसं वाटलं असेल गं?"

ताप उतरल्यावर मी विल्फ्रेडला फोन केला. नंबर तोच होता. मी आजारी आहे, एकदा भेटायचंय, एवढंच सांगितलं. चौथ्या किमोला तो हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये आला. केस पिकले होते. माझ्या हातातल्या सलाईनच्या सुईकडे बघत खुर्चीत बसला.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला कोणी नाही म्हणाले."

"ऐकलं होतं, ताई. मी मागेच होतो."

मग त्याने विचारलं, "तो काही बोलला होता का? शेवटी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी सांगितलं. अनिलने दोनदा विचारलं होतं, विल्फी कुठाय. मी म्हटलं होतं, येतोय, वाटेत आहे.

विल्फ्रेड उठला आणि निघून गेला. माझं औषध अजून अर्धं बाकी होतं.

पाचव्या किमोला मी त्याची वाट बघितली नाही, पण तो आला. म्हणाला, "माफ केलं असं मी म्हणणार नाही, ताई. पण त्याने माझं नाव घेतलं होतं, हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं." मग तो अनिलबद्दल बोलत राहिला. अनिल बोंबलाचं कालवण करायला शिकला होता, विल्फ्रेडच्या आईकडून. मोठ्याने गायचा. आमच्या घरात अनिलला गाताना कोणी ऐकलं नव्हतं.

सहावा किमो झाला. स्कॅनमध्ये दिसलं, पोटातली गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुसरी औषधं लावू, ती जड असतील. किती वर्षं उरली, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सिरीज मात्र मी पूर्ण बघितली. शेवट गोड आहे. ती पोरं समुद्रावर घर घेतात. असं होत नसेलही कुठे, पण बघून बरं वाटलं.

प्राचीचे, मिस्टरांचे, वॉर्डातल्या सिस्टरांचे उपकार मोठे आहेत. तुमच्यावर अशी वेळ आली तर फाईल नीट ठेवा, ताप मोजत राहा. आणि तुमचं माणूस आयसीयूत असेल तर ते शुद्धीत असतानाच त्याला विचारा, कोणाला बोलवू? मी अनिलला विचारलं नव्हतं. त्याने न विचारताच सांगितलं होतं.