दारू कुठली, हे मी सांगितलं नाही

आमच्या घरात दारू म्हणजे सुरुंगाची. वडील कार्ल्याच्या अलीकडच्या खडीच्या खाणीत सुरुंग लावायचे. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेलेली; उजवा हात मात्र शाबूत, आणि तो कानाखाली बसला की दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजायची. पिण्याच्या दारूला आमच्याकडे नावच नव्हतं. मुसलमानाचं घर, त्यात वडील पाच वेळचे नमाजी. थोरला भाऊ एकदा लोणावळ्याच्या बाजारातून ताडी पिऊन आला, तेव्हा वडिलांनी त्याचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटून पुढचे दोन दात पाडले. "ती घाण परत उंबऱ्याच्या आत आली तर एकही शिल्लक ठेवणार नाही," म्हणाले. दात की मुलगे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अशा घरातला मी पुण्याला बी.एस्सी. करत होतो, आणि ऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलला एकदा आपटलो होतो. पुस्तकातलं सगळं तोंडपाठ होतं हो! पण ऊर्ध्वपातन म्हटलं की माझे हात लटपटायचे. द्रव उकळायचा, वाफ थंड करायची, कुठल्या तापमानाला काय उतरतं ते टिपायचं, एवढंच काम. माझा फ्लास्क दर खेपेला उसळायचा आणि खालचा सगळा गाळ नळीतून वर यायचा. प्राध्यापकांनी एकदा ती गरम नळीच माझ्या मनगटावर टेकवली. "आता कळलं, जाळ किती झाला ते?" असं वर विचारलं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. वडिलांनी तर स्पष्ट बजावलं होतं, या खेपेला नापास झालास तर उद्यापासून खाणीत पहार घ्यायची. मला खाणीची भीती वाटायची. वडिलांची तुटलेली बोटं मी लहानपणापासून जेवताना बघत होतो.

बेचाळीसच्या पावसाळ्यात दंगाधोपा सुरू झाला आणि कॉलेज बंद पडलं. परीक्षा मात्र कधीही होईल म्हणत होते. लॅबच्या गड्याच्या हातापाया पडून मी एक चिरलेला फ्लास्क, काचेची नळी आणि थर्मामीटर घरी आणलं. पण उकळायचं काय? लढाईमुळे स्पिरिट औषधालाही मिळेना. मग कुणीतरी सांगितलं, ठाकरवाडीवरचा म्हातारा मोहाची गाळतो.

वाडी कार्ल्याच्या वरच्या अंगाला, दीड तासाची चढण. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. मी बाटली मागितली तर त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तर खाणीतल्या सुरुंगवाल्याचा पोर. तुमी तर पीत न्हाई."

"प्यायला नको, आबा. परीक्षेला हवी."

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं मला भट्टीजवळ बसवलं. खाली सडवलेल्या मोहफुलांचं मडकं, मधे बांबूची नळी, पुढं गार पाण्यात बुडवलेलं दुसरं मडकं. थर्मामीटर नाही, काही नाही. आबा नुसता मडक्याला कान लावायचा आणि लाकूड एक वीत मागं ओढायचा. "जाळ बारीक ठिव. रागानं दिल्येला जाळ मडकं वकतंय. घाई कुनाला हाय? तुला. मडक्याला न्हाई." चार-पाच फेऱ्यांत माझा हात बसला. दोन वर्षं फी भरून जे आलं नाही, ते या माणसानं भाकरी खाता खाता शिकवलं. घरी गोठ्यामागं आबानं दिलेली बाटली ओतून मी फ्लास्क लावला, तर अठ्ठ्याहत्तर अंशाला थेंब अगदी शिस्तीत उतरू लागले. मी अक्षरशः नाचलो.

त्याच आठवड्यात कान्हे स्टेशनच्या बाजूला रुळांखाली कुणीतरी सुरुंग ठेवला. फुटला नाही, पण पोलीस पिसाळले. बाहेरून आणलेले शिपाई, नवा फौजदार. सुरुंगाशी संबंध असलेलं एकेक घर ते उचकटू लागले, आणि एका सकाळी आमच्या दारात आले. पेट्या उलट्या केल्या, आईच्या तांदळाचा कणगा फोडला. गोठ्यामागं माझा फ्लास्क सापडला आणि वहीत नायट्रो संयुगांचा धडा. फौजदारानं वडिलांसमोरच मला पोटात लाथ घातली. मी शेणात पडलो. त्यानं माझे केस धरून विचारलं, "दारू कुठून आणलीस?"

मला वाटलं, फ्लास्कचा वास आला याला. मी रडत बोललो, "ठाकरवाडीवरून. आबाकडून."

फौजदाराचा चेहरा एकदम उजळला. त्यानं शिपायांकडं पाहिलं. तिकडं वडील पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या खाणीतली दारू मोजलेली आहे, त्यातली चिमूटभरही कमी नाही." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सुरुंगाच्या दारूबद्दल बोलतायत! एक शब्द बोलायचा होता. पिण्याची. बस, एवढंच. पण वडील दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि मला भावाचे दात दिसत होते. माझी दातखीळ बसली.

दोर बांधून मला आणि वडिलांना त्यांनी वाडीवर नेलं. दीड तास! दीड तासात माणसाला एक शब्द उच्चारता येत नाही का? अजूनही मी स्वतःला हे विचारतो आणि शिव्या घालतो. वाटेत वडील दोनदा माझ्याकडं वळले. "कुठल्या हरामखोरांच्या नादी लागलास रे?" एवढंच म्हणाले. मी खाली मान घालून चालत राहिलो.

आबा अंगणात टोपली विणत होता. शिपाई बघून त्याला काही वाटलं नाही; शिपाई यायचे, बाटली घेऊन जायचे, हे त्याच्या सवयीचं.

"दारू करतोस?" फौजदारानं विचारलं.

"व्हय साह्येब, करतो की."

"किती आहे?"

"दोन मडकी. मागं पुरल्यात."

दोन मडकी ऐकून शिपायांनी बंदुका सरसावल्या. फौजदारानं माझ्याकडं बोट केलं. "याला काय शिकवलंस?"

"जाळ कसा द्यायचा त्ये," आबा मोठ्या कौतुकानं म्हणाला.

पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. तो पडला तसा दोघांनी त्याला बुटांनी तुडवला. रुळाखाली कुणी ठेवली, नावं सांग, नावं सांग! "कसला रूळ, साह्येब?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि प्रत्येक वेळी मार वाढत होता. त्याची म्हातारी मधे पडली, तिला केसांनी ओढून कुडावर फेकली. मग त्यांनी त्याचा उजवा हात उखळाच्या काठावर धरला आणि बंदुकीचा दस्ता हाणला. एकदा. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मी तेव्हाही गप्प होतो. दुसऱ्यांदा दस्ता उचलला तेव्हा वडील दोरासकट पुढं झेपावले आणि ओरडले, "अरे, म्हातारा माणूस आहे, मरेल!" त्यांच्याही बरगड्यांत दस्ता बसला. आणि मग दुसऱ्यांदा त्या हातावर.

मागं खणायला गेलेला शिपाई मडकं घेऊन आला. फडकं काढताच वास सगळ्या अंगणात पसरला. शिपाई हसायला लागला. "साहेब, ही तर प्यायची!" फौजदार क्षणभर ओशाळला, मग वेळ फुकट घालवला म्हणून त्यानं आबाच्या कमरेत आणखी एक लाथ घातली. मडकी घेऊन ते निघून गेले. आमचे दोर वडिलांनी दातांनी सोडवले.

घरी आल्यावर वडिलांनी बैलाचा चाबूक काढला. मी उघड्या पाठीवर तो खाल्ला, हूं का चूं केलं नाही. "त्या घाणीसाठी नाही मारत," ते धापा टाकत म्हणाले. "सांगितलं असतंस तर फार तर काय, मारलंच असतं ना मी? मारलंच असतं!" मग त्यांनी चाबूक फेकला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

दहा दिवसांनी परीक्षेची तारीख लागली. निघायच्या आदल्या सकाळी मी वाडीवर गेलो. पाठ अजून सदऱ्याला चिकटत होती. आबाचा हात पाल्याच्या लेपात, कामट्यांनी बांधलेला. तो डाव्या हातानं पेज पीत होता आणि निम्मी सांडत होता. मी त्याच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. मला कळलं होतं म्हणालो, आधीच कळलं होतं, बापाच्या भीतीनं बोललो नाही.

म्हातारीनं ऐकून घेतलं. "तुज्या बापाच्या भ्यानं माज्या म्हाताऱ्याचा हात मोडला व्हय रं?"

"हो," मी म्हणालो.

तिनं चुलीतलं लाकूड उपसलं आणि मला झोडपायला लागली. खांद्यावर, डोक्यावर, जिथं बसेल तिथं, शिव्या देत, रडत. मी हललो नाही. तोंड वाचवायला हात तेवढे आपोआप वर गेले, आणि तिनं लाकूड उगारलं.

"हातावर नगं," आबा म्हणाला. पेजेची वाटी त्यानं खाली ठेवली. "हातावर मारू नगंस त्येच्या. परीक्षा हाय त्येची."