जबड्याची तालीम

मी सोलापुरात मास्तर झालो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडत नसत, ओघळत. जबडा मुळातच आळशी, खालचा ओठ सदा लोंबता. मी शुद्धलेखन सांगितले की चाळीस पाट्यांवर चाळीस निरनिराळे मजकूर निघत. शेवटी हेडमास्तरांनी बजावले की महिन्याभरात डिपुटीसाहेब तपासणीला येणार. त्यांना तुमचे बोलणे कळले तरच नोकरी कायम, नाहीतर गावी जाऊन म्हशी राखा, त्यांना उच्चार लागत नाहीत. नोकरी कायम नसलेल्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा दोन्हीकडून माझी कोंडी झाली.

माझ्या खोलीजवळ तालीम होती. तिथल्या वस्तादांना मी दुखणे सांगितले. त्यांनी माझी हनुवटी धरून घोड्यासारखे तोंड तपासले.

"दंडाला जोर हायत, मांडीला बैठका हायत," ते म्हणाले, "मग थोबाडालाच तालीम का नसंल, मास्तर?"

त्यांनी नेम घालून दिला. पन्नास वेळा जबड्याची उघडमीट, मग गाल फुगवून वारा डावी-उजवीकडे खेळवायचा, मग जीभ नाकाकडे ताणून हनुवटीवर आणायची. शिवाय रोज कडक भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय चावायची. ती मी अशी चावली, की शेजारची विणकरीण माग सोडून विचारायला आली, भिंत पाडताय की काय.

सकाळी उठायला उशीर व्हायचा, म्हणून राहिलेली उघडमीट मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उरकू लागलो. चार दिवसांत पोरांनी मला पकडलेच. सगळा वर्ग खिदळू लागला. छडी उगारावी तर चूक माझी. तेवढ्यात मला तालमीचा कायदा आठवला. तिथे नुसते बघत उभे राहायचे नाही. आत पाऊल टाकले की जोर काढायचेच. तोच कायदा मी वर्गाला लावला. तेव्हापासून धडा सुरू होण्याआधी आम्ही एकेचाळीस जण तोंडे वेंगाडू लागलो.

तपासणीच्या दिवशी हे प्रकरण अर्थातच बंद ठेवायचे मी ठरवले होते. वर्गाला तसे सांगायचे मात्र विसरलो.

डिपुटीसाहेब पगडी सावरत आत आले, मागे हेडमास्तर. पोरांनी उठून नमस्कार केला, खाली बसली, मॉनिटरने मान हलवली, आणि सरकारच्या प्रतिनिधीसमोर चाळीस जिभा बाहेर आल्या.

साहेब जागच्या जागी थिजले. मॉनिटर गाडीवानाचा पोरगा, नेमाला पक्का. तो उभा राहिला.

"सायब, नुसतं बगत उबं ऱ्हायचं न्हाय. जो बगंल त्यानं बी काडायचं, असा नेम हाय."

मी डोळे मिटून घेतले. म्हशी दिसू लागल्या.

साहेबांनी सावकाश हेडमास्तरांकडे वळून विचारले, "तुम्हीही बघत होता ना?"

हेडमास्तरांनी टोपी काढून बाकावर ठेवली आणि गाल फुगवले. वीसपर्यंत मॉनिटरनेच मोजले. साहेब खिडकीतून मिलचे धुराडे पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग त्यांनी पाढे, कविता सगळे म्हणवून घेतले. पोरांचा एकेक शब्द नाण्यासारखा खणखणला. साहेब खूश होऊन मला विचारू लागले, की हा व्यायाम आहे तरी काय? आता खरी वेळ माझी होती. मी सांगू लागलो, आणि भीतीने माझा जबडा महिन्यापूर्वीच्या जागी जाऊन बसला. साहेबांनी दोनदा कानामागे हात धरला. मग मॉनिटरला म्हणाले, "हे काय म्हणतात ते तू सांग." त्याने वस्तादांपासून भाकरीपर्यंत सगळे खडखडीत सांगितले.

संध्याकाळी शेरेबुकातला शेरा हेडमास्तरांनी मला वाचून दाखवला: 'मुलांचे उच्चार शाळेत सर्वांत स्वच्छ. शिक्षकास कायम करावे. त्यांचे स्वतःचे बोलणे मॉनिटरकडून समजले.'

वाचताना ते मधूनमधून गाल चोळत होते.