आरोपी पुढे, आम्ही मागे

अकोले तालुक्यातलं ते प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. निवृत्तीनंतर माणसाला शांत झोप लागते म्हणतात. मला या एका गुन्ह्यापायी ती लागत नाही.

राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. भातखाचरात पाणी सोडण्यावरून भाऊबंदांत भांडण झालं होतं आणि कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, डोक्यात बसून एकजण जागीच गेला होता. मारणारा आपल्या घराच्या ओट्यावर तुमची वाट बघत बसलाय, असंही पाटलांनी सांगितलं.

तो मयताचा चुलता निघाला, ऐंशीच्या घरातला म्हातारा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, मीच मारलं. चौकशीत तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर, शब्दही तेच. पाठ केलेलं बोलणं ओळखता यावं एवढी माझी नोकरी झाली होती. पण आयता आरोपी हाती लागला की पोलिसाची अक्कल चरायला जाते, माझीही गेली.

कुऱ्हाड आपण करवंदीच्या जाळीत टाकली, असं त्याने सांगितलं. ते खाचर आणि ती जाळी, दोन्ही ओढ्यापलीकडे चढणीवर. पंच घेऊन निघालो. म्हाताऱ्याला दहा पावलंही चालवेना, तेव्हा दोन शिपायांनी हात गुंफून त्याला उचलून वर नेलं. कुऱ्हाड मिळाली. मी पंचनामा सांगत गेलो, हवालदार लिहीत गेला: 'आरोपी पुढे व आम्ही पंच आणि पोलीस मागे, असे पायी चालत गेलो.' प्रत्येक पंचनाम्यात हेच वाक्य असतं. मी खाली सही ठोकली.

म्हाताऱ्याची रवानगी दुय्यम कारागृहात झाली. पंधरवड्याने दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो, तर तुरुंगाधिकारी माझ्यावरच घसरले. तुमचा म्हातारा जेवत नाही म्हणाले, आणि मला बराकीत घेऊन गेले. निजायला फरशीवर सतरंजी. संडास उकिडवं बसायचा, धरायला साधा दांडाही नाही. दोन तरुण कच्चे कैदी त्याला बगलेत धरून बसवायचे आणि उठवायचे. त्या पोरांपुढे लाज वाटते म्हणून म्हाताऱ्याने खाणंच तोडलं होतं, दिवसाला एक चपाती. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक कापून काही सोय होते का, हे तुरुंगाचे लोक बघत होते.

"याला स्वतःचं स्वतः उठता येत नाही," तुरुंगाधिकारी म्हणाले. "मग हा चढण चढून खून करून आला कसा?"

न्यायालयाची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ फरशीवर जाऊन बसलो. कोणाला वाचवताय बाबा, एवढंच विचारलं. तेव्हा तो बोलला.

"पोरगं आत गेलं तर त्याच्या लेकरांना कोन बघंल? माझं काय ऱ्हायलंय आता. म्हाताऱ्या मानसाला जेलात खाट देत्यात, दवाखाना देत्यात अन् लवकर सोडत्यात, असं आमी ऐकलं हुतं."

घरात बसून हे ठरलं होतं. मुलगा तयार नव्हता, बापाने त्याला शपथ घातली. मुलाला ठाण्यात आणलं तेव्हा तासाभरात त्याने सगळं सांगितलं आणि शेणखताच्या उकिरड्यात पुरलेला रक्ताचा सदरा काढून दिला. म्हाताऱ्याच्या सुटकेचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. पंचनाम्यातलं वाक्य खोटं होतं, हेही लेखी कबूल केलं. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, ती रास्तच होती.

डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, वहिवाटीने लिहू नका, हे पुढे मी प्रत्येक नव्या फौजदाराला बजावत आलो. थकलेला कैदी दोषी असो वा नसो, त्याला बसायला खुर्ची आणि धरायला दांडा मिळालाच पाहिजे, यासाठीही वरपर्यंत पत्रं लिहिली. कोंडून ठेवणं कायद्यात आहे, शरमेने उपाशी ठेवणं नाही. पण हे शहाणपण सांगूनही मन निवत नाही.

सुटकेच्या दिवशी मीच त्याला जीपने घरी सोडलं. सून लेकरं घेऊन माहेरी गेली होती. त्याला ओट्यावर टेकवून वळलो, तर त्याने माझी बाही धरली.

"सायब, घरी पोरगंच मला परसाकडं न्यायचं. जेलात ती दोघं हुती. आता मला कोन उठवनार?"

चालकाने दोनदा हॉर्न दिला, तरी मला बाही सोडवून घेता येईना.