हवेतून येतं ते खरं

माझ्या घरच्यांनी आयुष्यात माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक सही आणि एक अँटेना. सही मी दोन मिनिटांत दिली. अँटेनाला पंधरा दिवस लागले, आणि तेवढ्यात मी वसईच्या माणिकपुरातल्या निम्म्या दुकानदारांच्या डोक्यात गेले.

वडील माझ्याकडे आले ते चार दिवसांसाठी. भावाचा फोन आला, बायकोची पाठ धरलीय, चार दिवस ठेव. त्या चार दिवसांना आता दुसरं वर्ष लागलंय. मी शाळेत कारकून आहे, लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जागाच जागा असणार असं आमच्या घरच्यांचं पक्कं मत. वडील आले, पिशवी ठेवली, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाय, याचा अँटेना कुठं हाय?"

मी सांगितलं, अँटेना नाही, वायफायवर चालतो. त्यांना बातम्यांचा एक चॅनल लावून दिला. चार माणसं एकमेकांवर खेकसत होती. पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, "हे तारेतून येतं. तारवाला दावल तेच बघाचं. मना हवेतलं पायजे. हवेतून येतं ते खरं."

आता हे नुसतं म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण ते कुठून आलंय हे मला माहीत होतं, म्हणून सोडवेना. वडील खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम होते. पापडीच्या पलीकडे आमचं घर, मागे भाताची एक पट्टी, आणि घरावर बांबूला बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना, तोंड मुंबईकडे. सातच्या सरकारी मराठी बातम्या चुकवायच्या नाहीत हा घरचा कायदा. बातम्या आम्हा पोरांना ऐकाव्या लागायच्या, वडील मात्र चित्र बघायचे. चित्रावर पांढऱ्या मुंग्या किती पडल्यात, बातम्या देणारी बाई दोन दोन दिसतेय का, आणि ऐन उन्हाळ्यात हवा कोंडली की तिच्या चेहऱ्यामागे कुठल्या तरी परदेशी चॅनलची उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं उमटतात का. अक्षरं दिसली की हवा फिरणार, पाऊस येणार असं धरून ते उठायचे, सदरा अडकवायचे आणि मिठागराची वाट धरायचे. मिठाच्या राशी गवताने झाकून घ्यायच्या. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगणारी बाई काय म्हणते त्याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. अवकाळी पाऊस एका रात्रीत महिन्याचं मीठ धुऊन नेतो, आणि वडिलांच्या हाताखालची रास कधी भिजली नाही, असं लोक अजून सांगतात.

मिठागर बंद होऊन वर्षं लोटली. तरी सात वाजले की त्यांना हवा बघायची असते.

तेव्हा मी अँटेना शोधायला निघाले. पहिला दुकानदार हसला. "मॅडम, अभी कौन अँटेना लेता है?" दुसऱ्याने डिश लावा म्हणून सांगितलं. डिश आमच्या सोसायटीत चालत नाही. इमारतीचं रूप बिघडतं म्हणे. खालच्या गटाराला जे रूप आहे त्याबद्दल मात्र कधी मीटिंग झाली नाही. तिसऱ्या दुकानातल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तेवढं नीट समजावलं. जुनं प्रक्षेपण बंद झालंय, आता हवेतून जे येतं ते डिजिटल येतं. त्यासाठी टीव्हीला एक छोटा डबा जोडावा लागेल आणि खिडकीत घरातला अँटेना ठेवावा लागेल. पण वसई मुंबईच्या मनोऱ्यापासून लांब, मध्ये इमारती, तेव्हा खात्री मी देणार नाही. डबा त्यांनी माळ्यावरून काढून दिला, धुळीसकट.

आधी मी खिडकीच्या काचेला चिकटवायचा तो चपटा, कागदासारखा अँटेना आणला, कारण तो दिसत नाही. चित्रही दिसलं नाही. मग वीज लागणारा, बूस्टरवाला आणला. खोक्यावर मोठमोठे आकडे होते. मी ते आकडे बघून घेतला, अगदी अडाण्यासारखा. त्या गृहस्थांनी नंतर सांगितलं, बूस्टर सिग्नल वाढवतो तसा कचराही वाढवतो. मुळात खिडकीपर्यंत काही येतच नसेल तर तो बिचारा काय वाढवणार. खोक्यावरचे आकडे विसरा, म्हणाले, मुंबई कुठे आहे ते बघा, मधे काय आहे ते बघा, आणि वायर लांब घ्या.

मुंबई कुठे आहे ते मला माहीत होतं. मधे काय आहे ते बघायला मी घरभर फिरले. दक्षिणेच्या प्रत्येक खिडकीसमोर इमारत. वडील खुर्चीत बसून माझी धावपळ बघत होते. शेजारणीने आणलेल्या साध्या इडलीचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी शाळेतून दमून येऊन स्टुलावर चढत होते, त्याबद्दल चकार शब्द नाही.

खरं सांगायचं तर मी तो अँटेना त्यांच्यासाठी शोधत नव्हते. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. नऊ वर्षांपासून हवं होतं.

नऊ वर्षांपूर्वी भावाने घर आणि मागची पट्टी बिल्डरला द्यायचं ठरवलं. त्यासाठी माझं हक्कसोडपत्र लागणार होतं. आमच्यात हे असंच चालतं. बहिणीने काही विचारायचं नाही, सही करायची, आणि भावाने तिला साडी द्यायची. सगळे खूश. मी वकिलाच्या टेबलाशी बसले. समोर भाऊ, बाजूला वडील. मला जमीन नको होती, देवाशपथ नको होती. माझी एवढीच इच्छा होती की वडिलांनी एकदा म्हणावं, थांब, हिचं पण काहीतरी ठेव. मी पेनाचं टोपण काढलं, आणि मुद्दाम हळू काढलं. वडील काही बोलले नाहीत. मी सही केली. भावाने हिरवी साडी दिली आणि वकील म्हणाला, बहीण असावी तर अशी. ती साडी मी एकदाही नेसले नाही. कुणाला दिलीही नाही.

तेव्हापासून मी वडिलांशी नीट बोलते, औषधं देते, पाय चेपते, आणि मनातून त्यांना एका गोष्टीची माफी देत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक मला सोशिक म्हणतात.

शेवटी जागा सापडली ती स्वयंपाकघरात. ओट्यावरच्या खिडकीतून दोन टॉवरच्या मधून हातभर आकाश दिसतं, तेही वाकून बघितलं तर. मी त्या गृहस्थांकडून सगळ्यांत साधा, दोन काड्यांचा अँटेना आणला, सोबत लांब वायर. मसाल्याचे डबे हलवले, अँटेना खिडकीत ठेवला, काड्या त्या फटीकडे वळवल्या. डब्याने चॅनल शोधले. बरोबर सातच्या आधी सरकारी मराठी वाहिनी लागली. काचेसारखं चित्र. बाईच्या साडीचा काठ मोजून घ्यावा इतकं स्वच्छ.

मी हात पुसत बाहेर आले आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिले. मला हसू आवरत नव्हतं. ते पुढे सरकले, डोळे बारीक केले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मुंग्या कुठं हायत?"

मी म्हटलं, "आता मुंग्या नसतात, बाबा. आलं तर पूर्ण येतं, नाहीतर मुळीच येत नाही."

"मंग हवा कशी कळनार?"

"शेवटी हवामान सांगतात ना. ऐका."

"ती काय सांगनार? ती तिथं बसलीय. हे चित्र मेलेलं हाय, बाय. काय कामाचं नाय."

माझा तोल गेला. पंधरा दिवस, तीन अँटेना, स्टूल, मसाल्याचे डबे, सगळं एकदम बाहेर पडलं. मी म्हटलं, "कामाचं नाही? भावाने तुमच्यासाठी काय केलं हो? मोठा टीव्ही आहे त्याच्याकडे, कधी बातम्या लावून दिल्या का? तुम्हाला पिशवीसकट माझ्या दारात आणून सोडलं. आणि मी? मी सही दिली, आता हे दिलं. एकदा तरी चांगलं म्हणाल की नाही? माझी सही घेताना तोंडातून शब्द काढला नाहीत तुम्ही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडत होते, आणि मला बरं वाटत होतं. लाज नंतर वाटली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बातम्या चालूच होत्या. मिठागरावर मजुरांना सांगायचे तसल्या सपाट आवाजात ते बोलले.

"मना ती जागा इकाची नव्हती."

विकायची नव्हती? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पोरगा मागं लागला व्हता. पोराला बापानं नाय कसं बोलाचं? त्याचे पन दिवस हायत. मी म्हटलं, बाय हाय. ती शिकलेली हाय. ती 'नाय' बोलंल. तिची सही नसंल तर कागद पुढं जात नाय, वकील बोलला व्हता मना." त्यांनी हाताने खुर्चीची दांडी पुसली. "मी वाट बघत व्हतो तुझी. तू टोपन हळू काढलंस ना, तवा वाटलं, आता बोलंल. तू सही केलीस."

'मला तसं सांगायचं तरी होतंत', एवढं मला म्हणता आलं असतं. पण तेच त्यांनाही मला म्हणता आलं असतं.

टीव्हीवर हवामान सुरू झालं. पालघर जिल्ह्यात कोरडं राहील, ती बाई म्हणाली. वडिलांनी मान हलवली, तिला दुजोरा म्हणून की नुसतीच, कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. नऊ वर्षं मी ज्यांना माफ करत नव्हते, ते त्या दिवशी त्या टेबलाशी माझ्याच भरवशावर बसले होते.