चाळिसाव्या पानावरचा डिंक

प्रकाशकाच्या कचेरीत तिला सगळे साभारबाई म्हणायचे, तेही तोंडावर. नाकारलेली हस्तलिखितं पाकिटात घालायची आणि वर 'साभार परत'ची चिठ्ठी जोडायची, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम.

पण बाई नुसती पाकिटं चिकटवणारी नव्हती. संपादकांची पाठ वळली की ती हस्तलिखित चाळायची आणि चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहायची. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. दर आठवड्याला फोन करू नका, त्यानं काम पुढे सरकत नाही, माणूस मात्र चिडतो. पाठवलं की विसरा आणि दुसरं लिहायला घ्या. एकाला तर तिनं लिहिलं होतं, "बारा पानं झाली, तुमचा नायक अजून दातच घासतोय. त्याला घराबाहेर काढा." त्यानं काढलं. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि संपादकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

काही लेखक मोठे वस्ताद. दोन पानं डिंकाच्या थेंबानं चिकटवून पाठवायचे. परत आल्यावर ती तशीच चिकटलेली दिसली, की 'तुम्ही वाचलंच नाही' म्हणून शिव्या घालायला मोकळे. त्यांना बाई हमखास लिहायची, "डिंक लावू नका. वाचणाऱ्याची परीक्षा घेऊन तुमचं काय भलं होणार?"

आता तिची स्वतःची, सात वर्षं खपून लिहिलेली कादंबरी दुसऱ्या एका प्रकाशकाकडे गेली होती. पाठवण्याआधी तिनं चाळिसावं पान एकेचाळिसाव्याला डिंकानं चिकटवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

महिना गेला, दोन गेले. बाईला घर खायला उठलं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. दुसरं लिहायला बसावं तर एक ओळ सुचेना. एका आठवड्यात तिनं आवाज बदलून त्या प्रकाशकाकडे तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा पलीकडचा म्हणाला, "बाई, काल पण तुम्हीच होतात ना?" तिनं फोन ठेवला आणि लाजेनं तिचे कान तापले.

"अगं, बस की एका जागी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून मलाच चक्कर यायला लागली."

"बसतेय हो," असं म्हणत ती पुन्हा दाराशी जाऊन आली.

कादंबरी छापली नाही तरी चालेल, असं ती मनाला बजावत होती. पण एकोणीस वर्षं जगाला शहाणपण शिकवलं, आपल्याला तरी लिहिता येतं का? एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात, एका सुट्टीच्या दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं. जाड होतं. जाड पाकीट म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? चिठ्ठीकडे न बघता तिनं थेट चाळिसावं पान काढलं. पानं चिकटलेली असू देत, असं तिला मनापासून वाटत होतं. मग निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पानं सुटी होती. कुणीतरी पात्यानं, कागद न फाडता, हळूच सोडवली होती. पुढे समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या अगदी शेवटच्या पानापर्यंत. आणि एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "डिंक लावू नका. गोष्ट इथून सुरू होते. मागची चाळीस पानं तुम्ही स्वतःसाठी लिहिली आहेत."

"यांना काय कळतंय!" ती मोठ्यानं म्हणाली. हे वाक्य कचेरीत येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असायचं आणि ती दरवेळी हसायची. आज हसू आलं नाही. त्या चाळीस पानांत तिच्या वडिलांचं दुकान होतं, आईचं आजारपण होतं. तीन वर्षं गेली होती त्यांत. ती खोलीत फेऱ्या घालत राहिली. मग उभ्याउभ्याच तिनं एकेचाळिसावं पान वाचलं. नवरा दार वाजवतोय आणि बायको उघडत नाहीये. तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. आपलंच लिहिलेलं, तरी पुढे काय होतं म्हणून ती वाचत गेली.

"घेतलं का गं त्यांनी?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही."

"मग?"

"वाचलं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "शेवटपर्यंत वाचलं हो."

तिनं डोळे पुसले, चाळीस पानं बाजूला काढली, आणि वरच्या पानावरचा एकेचाळीस खोडून तिथं एक लिहिला.