पडद्यावरची आपली बाई

तो सिनेमा माझ्या जन्माच्या आसपास निघालेला. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना ठाण्याच्या थिएटरात तो पुन्हा लागला आणि आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "सगळ्या जणी बघून या. पुढच्या आठवड्यात त्याच्या गुणदोषांवर बोलायचंय."

ठाण्यातच, नौपाड्यात राहणाऱ्या मुली आया-बहिणींबरोबर जाणार होत्या. माझं गाव खाडीकडचं. आजोबांपर्यंत सगळे मिठागरात राबलेले. वडिलांनी थोडी जमीन विकून पक्कं घर बांधलं आणि मला ठाण्याच्या शाळेत घातलं. एकटीला सिनेमाला पाठवायचं कसं, म्हणून आई आली. ठेवणीतलं लुगडं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं, अंबाड्यात अबोली. तिचा तो पहिलाच सिनेमा.

गोष्ट एका मोठ्या घराची होती. ते कर्जात बुडतं आणि थोरली मुलगी ते सावरते. त्या घरात एक मोलकरीण होती. तिनं तोंड उघडलं की थिएटर हसायचं. आई तर खुर्चीच्या कडेला येऊन बसली.

"बग गो," ती मोठ्यानं म्हणाली, "ती आपले वानी बोलतं!"

पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. ती वळली. आधी आईकडे, मग माझ्याकडे बघून तिनं मान फिरवली. मी आईचा हात दाबला. आईला वाटलं, मलाही तितकाच आनंद झालाय. तिनंही माझा हात दाबला.

शेवटाकडे त्या मोलकरणीला कामावरून काढतात. मालकीण समजावू लागते तेव्हा ती म्हणते, "मना नको सांगू, मना ठावं हाय." एव्हाना तिच्या बोलण्यावर हसायची लोकांना सवय लागली होती. ते हसले. आई पदरानं डोळे पुसत होती.

वर्गात चर्चा चांगली रंगली. नायिकेचा अभिनय संयत, सावल्यांचा वापर सुंदर. गाणी फार, शेवट लांबलेला. बाई फळ्यावर एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष लिहीत होत्या.

"मोलकरीण गुणांत घाला, बाई," कुणीतरी म्हणालं. "ती आली की कंटाळा जातो."

"पण असं खरंच कोणी बोलतं का?" दुसरी म्हणाली. "मला ते ओढूनताणून वाटलं."

बाई माझ्याकडे वळल्या. मनानं त्या चांगल्याच होत्या. "ही सांगेल आपल्याला. ते शेवटचं वाक्य बोलून दाखव बरं."

मी उभी राहिले. "मना नको सांगू, मना ठावं हाय." घरी बोलते तसंच बोलले, मुद्दाम काही केलं नाही. वर्गात हशा पिकला. अगदी थिएटरातलंच ते हसू. बाईही हसल्या, "हुबेहूब!" म्हणाल्या, आणि गुणांच्या खाली त्यांनी लिहिलं, अस्सल बोली.

मला सांगायचं होतं की त्या प्रसंगाला हसू यायला नको होतं. ज्या बाईवर पोटभर हसवलं तिच्यासाठी रडवणं त्या सिनेमाला जमलं नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. पण तोंड उघडलं तर कोणती भाषा बाहेर येईल याचीच धास्ती वाटली. मी खाली बसले.

घरी आल्याबरोबर आईनं विचारलं, "कं बोलल्या तुज्या बाई? ती मोलकरीन आवडली त्यांना?"

"आवडली."

"मंग! बेसच हाय ती."

परीक्षेच्या आधी पुढच्या रांगेतली तीच मुलगी पुस्तक न्यायला आमच्या घरी आली. आई पाणी घेऊन बाहेर आली. "बसा. पाणी घ्या," ती म्हणाली. एकेक शब्द जपून, शाळेतल्यासारखा. मग दाराशी उभी राहिली. एरवी दारातून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही थांबवून चार गोष्टी विचारणारी माझी आई, मुलगी जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

"गप का व्हतीस?" मी नंतर विचारलं.

"मी बोलली असती तं हसली असती गो ती."

वर्गात काय झालं ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. थिएटरात तिनंच पाहिलं असणार, ती मुलगी वळलेली, आणि माझं तोंडही. मी पेला उचलला आणि मोरीत जाऊन उगाच घासत बसले.