माणिकराव सीट सरकवत नाहीत

माणिकराव सबनीसांसमोर गाडी उभी केली की ते आधी बॉनेट उघडत नाहीत. चालकाच्या दारातून आत चढतात आणि सीट जशी असेल तशीच बसतात, सरकवत नाहीत. चालवणारा ठेंगणा असला तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, उंच असला तर पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत. तसेच अवघडून मिनिटभर बसतात, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात, खाली उतरतात आणि मग विचारतात, "चालवतं कोण?"

फ्रीगंजच्या पुलापलीकडे त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. काम फक्त स्टेअरिंगचं. ब्रेक किंवा क्लच घेऊन कुणी आलंच तर त्याला चहा पाजतात आणि शेजारच्याकडे पाठवतात. पणजोबा शिंदेसरकारच्या पागेत होते. "ते घोडे वळवायचे, मी टायर वळवतो, घराण्यात तेवढाच फरक पडला," असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. वय त्रेसष्ट, शर्ट कायम पांढरा, आणि तो पांढराच कसा राहतो हे कुणालाही माहीत नाही.

यंदा जूनमध्ये मी विजयाआत्याबरोबर तिथे गेले. आत्या जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने खात्याच्या लिलावातला जुना फोर-बाय-फोर पिकअप घेतला आणि गंभीर नदीपलीकडची नऊ गावं धरली. पाऊस धड लागायच्या आत तिथल्या गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचायची असते. एकदा काळी माती भिजली की त्या रस्त्यांवर दुसरं कुणी जात नाही. आणि नेमका तेव्हाच पिकअपचा पॉवर स्टेअरिंग पंप गेला. वळवताना तो कण्हायचा, टाकीतल्या तेलाला फेस यायचा आणि स्टेअरिंग दगडासारखं व्हायचं.

माणिकराव आत चढले. त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. पाठीमागे आत्याची छोटी उशी होती, तीही त्यांनी काढली नाही. उतरून विचारलं, "चालवतं कोण?"

"हर्षल," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. हर्षल तिचा मुलगा, बँकेत आहे, उंची सहा फूट. त्याने हा पिकअप वर्षभरात एकदाही चालवला नव्हता. पण आत्या असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. मार्चमध्ये ती एका गोठ्यात घसरली आणि तेव्हापासून तिचा डावा खांदा धरला होता. हर्षलने साफ सांगितलं होतं, "आता बस झालं आई. हात दुखतोय म्हणालीस की गाडी विकली समज." पंप बदलायला आणलाय हेही त्याला माहीत नव्हतं. आणि माणिकराव गणपतीच्या कमिटीत हर्षलबरोबर. शिवाय आमच्या घरात दुखणं बाहेरच्यांसमोर बोलत नाहीत. ताप एकशे तीन असला तरी पाहुण्यांना "जरा कसकस आहे" एवढंच सांगतात.

"अच्छा," माणिकराव म्हणाले. "मग हर्षलला जड कुठे जातं? चालत्या गाडीत की उभ्या?"

"उभ्या. चिखलात तर फारच. आणि डावीकडे जास्त."

"डावीकडेच का?"

"त्याला डाव्या हाताने ओढावं लागतं ना. मग इथून," आत्याचा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला आणि घाईने खाली आला, "कळ निघते. त्याला."

"हात वर जातो त्याचा?"

"कानापर्यंत."

"त्या कुशीवर झोपता येतं?"

"नाही." आत्या थांबली. "म्हणजे, नाही असं म्हणतो."

"अरेरे," माणिकराव म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "आणि वय काय तर तीस."

मी हसू दाबायला तेलाचे डबे मोजत बसले.

त्यांनी पंप काढला, उघडला आणि आतल्या पात्यांवरचे ओरखडे आम्हाला दाखवले. मग फळीवर वर्तमानपत्र पसरून एक नवा आणि एक जुना असे दोन पंप ठेवले.

"हा नवा, गाडीत मूळचा होता तसाच. टायर मूळचे असते तर डोळे मिटून हाच दिला असता. पण हे रुंद टायर कुणी घातले?"

"हर्षलने. दिवाळीला," आत्या म्हणाली. हर्षलबद्दल तिने सांगितलेलं हे पहिलंच खरं.

"आणि हा मोठ्या ट्रकचा, भंगारातला. एका बोटाने वळेल गाडी. पोरं हाच मागतात."

"मग हाच द्या."

"नाही देणार."

"माणिकराव, गिऱ्हाईक मी आहे."

"ताई, याचा दाब तुमच्या स्टेअरिंग बॉक्सला सोसणार नाही. महिनाभरात सील फुटतील. हायवेवर तर जरा शिंक आली तरी गाडी दुसऱ्या लेनमध्ये. चालवणार हर्षल. काही झालं तर मी त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

आत्याने पदराने घाम टिपला.

"तिसरा एक आहे," माणिकराव म्हणाले. "याच गाडीच्या मालवाहू मॉडेलचा. जागा तीच, पट्टा तोच. दाब थोडा वर, पण बॉक्सला झेपेल एवढाच. इंदूरहून मागवावा लागेल, दोन दिवस द्या. जुनं तेल सगळं धुवून काढतो, नाहीतर या पंपाचा चुरा त्या पंपाला खाईल. तेल थंड राहायला पुढे एक जाळी बसवतो. आणि टायर मूळच्या मापाचे घाला. अर्धं ओझं त्यांचंच आहे. पंप दमला की ते थेट खांद्यावर येतं."

दोन दिवसांनी गेलो तर पंप बसला होता, टायर बदलले होते आणि दाराशी हर्षलची मोटरसायकल उभी होती. माणिकरावांचा नियम असा, की जो चालवतो त्याने आवारात तीन फेऱ्या मारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. त्याप्रमाणे त्यांनी हर्षललाच फोन केला होता.

"आई," हर्षल म्हणाला, "काका मला फोनवर विचारत होते, खांदा कसा आहे. माझ्या खांद्याला काय झालंय?"

"चहा घेतोस?" आत्या म्हणाली.

"काका, गाडी विकायची आहे. हिचा हात वर जात नाही."

"कानापर्यंत जातो," माणिकराव म्हणाले. "मला माहितेय. हर्षल, तुम्ही शेजारी बसा. ताई, चावी लावलेली आहे."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..." आत्या म्हणाली.

"ताई, सहा फुटी माणूस या सीटवर बसला तर गुडघे कानाला लागतील. माझेच सोलून निघाले."

आत्या एकदम लहान मुलीसारखी लाजली. मग चढली, उशी नीट केली. हर्षल तोंड फुगवून शेजारी बसला, मी मागे लसींच्या बर्फपेटीजवळ.

आवारात मधोमध एक लिंबाचं झाड आहे. पहिली फेरी उजवीकडून. दुसरी डावीकडून, अगदी हळू, जवळजवळ उभ्या गाडीत. हर्षल स्टेअरिंगकडे बघतच नव्हता, तो आईच्या खांद्याकडे बघत होता. पंपाचा आवाज नव्हता. दुकानामागे पाइपलाइनसाठी खणलेला, मातीचे उंचवटे पडलेला पट्टा आहे, तिसरी फेरी तिथून. पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि आत्याने डावीकडे पूर्ण वळवून गाडी अलगद बाहेर काढली.

"थांब," हर्षल म्हणाला. "परत वळव. डावीकडे."

तिने वळवलं.

"दुखतं?"

आत्या नेहमीसारखं "छे" म्हणणार होती. तिचं तोंड तसं झालंही होतं. पण म्हणाली, "थोडं. आधी रडू यायचं."

"रडायचीस?"

"नदीच्या उतारावर. कुणी नसायचं तिथे."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस."

हर्षलने वळून मागच्या बर्फपेटीकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "नऊ गावांत जनावरं किती आहेत?"

"सहाशेच्या वर."

"मी शनिवारी, रविवारी येतो. पेटी मी उचलणार. तू फक्त चालव आणि सुई टोच."

आत्याने मान हलवली.

पाऊस धड लागायच्या आत नऊही गावं झाली. चिखल दोन ठिकाणी लागला, गाडी वळली. हर्षलने एकदाही स्टेअरिंग मागितलं नाही. शेवटच्या म्हशीला लस टोचून झाल्यावर आत्याने तिथूनच माणिकरावांना फोन लावायला सांगितला. मी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"तेल तापलं का?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही तापलं," आत्या म्हणाली. "माणिकराव, तुम्ही त्या दिवशी मला खोटं पाडलं नाहीत. नुसतं ऐकून घेतलंत. पंपाचं तर आहेच, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही."

पलीकडे कुणीतरी हातोडी ठोकत होतं, ती थांबली.

"ताई," माणिकराव म्हणाले, "नवा पट्टा सैल पडतो पहिल्या महिन्यात. परत जाताना इकडून या. ताणून देतो."